मोपानेच्या झाडावरचं वाळवण

माझ्या सासूबाईंनी जन्मात एकदाच सामिष स्वयंपाक केला. तो इथे कतारमध्ये, आमच्या अल रय्यानच्या घरात, देवघरापासून चार हातांवर, आणि तोही अळ्यांचा. गावाकडे कुणाला हे सांगितलं तर मलाच वेड्यात काढतील, म्हणून अजून सांगितलेलं नाही. पण त्या दिवसांत आमची शेजारीण जेवत नव्हती, आणि तिच्या पोटात दोन घास जावेत यापलीकडे सासूबाईंना काही सुचत नव्हतं. ते कसं घडलं तेवढं सांगते.

आधी सासूबाईंच्या नाकाबद्दल सांगायला हवं. सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना साताऱ्याकडून इथं आणलं, तेव्हा त्यांच्याबरोबर एक लोखंडी कढई, देवांचा डबा आणि हे नाक आलं. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. पण लिफ्टमध्ये कुणाच्या पिशवीत अंडी असतील तर सासूबाईंना पदराआडून कळतं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, दिवसभर बेडकांच्या आकृत्या काढून घेते, त्यामुळे घरी आल्या आल्या त्या मला आधी हात धुवायला पाठवतात. बेडूक कागदावरचा असतो हे मी कितीदा सांगितलं, पण व्यर्थ.

आमचं घर म्हणजे एका जुन्या व्हिलाचा तुकडा. मालकाने व्हिला कापून भाड्याने दिलाय. शेजारच्या तुकड्यात झिम्बाब्वेची एक नर्स राहते, चाळिशीची, एकटी. दोन्ही अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत आणि भिंतीला खेटून एक बोरीचं झाड. इथले लोक त्याला सिद्र म्हणतात. बोरं दोन्हीकडे पडतात. त्या बोरांवरूनच सासूबाईंची आणि तिची ओळख झाली. सासूबाईंना मराठीशिवाय काही येत नाही. शेजारणीला इंग्रजी येतं आणि केरळच्या नर्सांकडून उचललेलं थोडं हिंदी. तरी रोज संध्याकाळी दोघी भिंतीपाशी उभ्या राहून तासभर बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे! मी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "तिच्या भावाच्या घराचं बांधकाम अडलंय." आणि ते खरं निघायचं. ती त्यांना अंबुया म्हणायची. त्यांच्याकडे आजीला म्हणतात तसं.

ऑगस्टमध्ये ती महिनाभराची रजा काढून गावी जाऊन आली. आल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात चादर पसरून त्यावर काहीतरी उन्हाला घातलं. मी शाळेतून आले तर सासूबाई भिंतीला टेकून एकदम खुशीत.

"तिच्या आईनं वाळवण दिलंय बघ पोरीला. सांडगी मिरची असावी. काळी पडलीय जरा, पण केवढी दिलीय! आई हाय तवर वाळवण हाय."

मी चादरीकडे बघितलं. ती सांडगी मिरची नव्हती. बोटभर लांबीच्या, काळपट राखाडी, सुरकुतलेल्या अळ्या होत्या. शेकड्यांनी. मी दोन पावलं मागे सरकले. शिकवते जीवशास्त्र, पण पुस्तकातलं वेगळं आणि चादरीवरचं वेगळं.

सासूबाईंचं लक्ष मात्र अळ्यांवरून केव्हाच हटलं होतं. वाळवणात मधूनमधून सुकी पानं मिसळली होती, तांबूस, जोडपानं, मधोमध चिरलेली. त्या किंचाळल्याच.

"अगं बया! आपटा!"

आता, दोहात सगळं मिळतं. अळूची पानं मिळतात, पुरणाची डाळ मिळते, गणपतीला दूर्वासुद्धा कुठून कुठून येतात. आपट्याची पानं मिळत नाहीत. मागच्या दसऱ्याला सासूबाईंनी सोन्यावाचून डोळ्यांत पाणी आणलं होतं. त्यांनी हात पुढे केला, शेजारणीने ओंजळभर पानं वेचून दिली. पदरात घेऊन त्या घरात आल्या आणि देवासमोर ठेवली.

मी पान उजेडात धरून बघितलं. आपट्याचं पान अर्ध्यापर्यंत चिरलेलं असतं, खाली जोडलेलं. हे पार देठापर्यंत वेगळं, दोन स्वतंत्र पानं एकाच देठाला. चुरगाळलं तर टर्पेंटाइनसारखा वास. म्हटलं, "आई, हा आपटा नाही. हे मोपाने नावाचं झाड आहे, तिकडचं."

"मग मावसबहीण असंल आपट्याची."

मी शोधून बघितलं, तर खरंच दोन्ही झाडं शेंगावाल्यांच्या एकाच मोठ्या कुळातली. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा "सांगत न्हवते?" असा झाला. मग मला राहवेना. म्हटलं, "आणि ते वाळवण म्हणजे अळ्या आहेत. या झाडाची पानं खाणाऱ्या. त्या लोकांत खातात त्या."

त्यांनी हात धुतले. मग परत धुतले. मग आंघोळच केली. त्या संध्याकाळी भिंतीपाशी गेल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. शेजारीण तिकडून हाक मारून गेली, ह्या आत टीव्हीचा आवाज वाढवून बसल्या. पानं मात्र देवासमोरून हलवली नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "पानाचा काय दोष? ते खातंय कुणी, त्याला ते काय करणार."

मला त्या दोघींची सवय झाली होती, त्यांचा तो अबोला मलाच बोचायला लागला. म्हणून मीच शेजारणीकडे जाऊन बसले आणि त्या अळ्यांबद्दल विचारलं. तिला नवल वाटलं. इथं तिला असं कुणी विचारलं नव्हतं, इस्पितळात डबा उघडला की बाकीच्या जणी उठून जातात. मग ती भरभरून बोलली. तिच्या गावाकडे पाऊस झाला की मोपानेला कोवळी लालसर पानं फुटतात. मोठे तपकिरी पतंग येतात, मागच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असलेले, आणि पानांवर अंडी घालतात. अळ्या निघतात आणि झाड खायला लागतात. उभ्या झाडाखाली थांबलं तर त्यांच्या खाण्याचा आवाज येतो, म्हणाली. मोपाने संपलं तर दुसऱ्या झाडांवर जातात, आंब्यावरसुद्धा. पण तिच्या आईला जिभेवर ठेवल्याबरोबर कळायचं कुठली अळी कुठल्या झाडावरची. मोपानेवरचीच खरी, असं आईचं म्हणणं. बायका पहाटे जाऊन अळ्या वेचतात, पोटातला हिरवा पाला पिळून काढतात, उकळतात आणि उन्हात वाळवतात. या वाळवणाला मदोरा म्हणतात.

"आई वरच्या फांद्यांवरच्या कधीच काढू द्यायची नाही," ती म्हणाली. "त्या खाली उतरून मातीत जातात. त्यांना जाऊ दिलं नाही तर पुढच्या वर्षी पतंग कुठून येणार?"

घरी येऊन मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या, ऐकत नसल्यासारख्या. वरच्या फांदीचं ऐकल्यावर हात थांबले.

"आपण बांधाकडंची चार कणसं पाखरांना ठेवतो, तसं?"

"तसंच."

"शहाणी हाय बाई."

मी आणखी सांगितलं, की पतंग झाला की तो काही खात नाही, त्याला खायला तोंडच नसतं. जे काय खायचं ते अळीनं खाऊन घेतलेलं असतं, त्यावरच तो थोडे दिवस जगतो, अंडी घालतो आणि संपतो. सासूबाईंनी हातातली पाकळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हंजे पोरवयात आईनं चारलेलं जन्मभर पुरवायचं." आणि लसूण पुन्हा सोलायला घेतला. मी वर्गात हा धडा किती वर्षं शिकवतेय, हे असं मला सुचलं नव्हतं.

दसरा आला. इथल्या मराठी लोकांचा कार्यक्रम अल दुहैलमधल्या एका कंपाउंडच्या हॉलमध्ये असतो. सासूबाई मोपानेची पानं डब्यात घालून घेऊन गेल्या आणि भेटेल त्याच्या हातावर ठेवायला लागल्या. एका गृहस्थांनी पान उलटसुलट केलं आणि हसून म्हणाले, "काकू, हा आपटा नाही हं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!"

सासूबाईंनी त्यांच्या हातातल्या ताटाकडे बघितलं. त्यात सोनेरी कागदाची कापलेली पानं होती.

"तुमचं कुठल्या झाडाचं हाय?" त्यांनी विचारलं.

आजूबाजूचे खो खो हसले. गृहस्थांनी निमूट पान खिशात ठेवलं. घरी आल्यावर सासूबाईंनी डब्यात एक पान शिल्लक आहे हे बघितलं, भिंतीपाशी गेल्या आणि हाक मारली. शेजारीण आली. तिचंच पान त्यांनी तिच्या हातावर ठेवलं. "सोनं घे, सोन्यासारखी राहा." तिला काही कळलं नाही, पण तिनं वाकून नमस्कार केला, आमचं बघून बघून शिकली होती. अबोला संपला. वाळवणाचा विषय मात्र दोघींनी काढायचा नाही, असं न बोलता ठरलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, हवा जरा बरी झाली होती तेव्हाची गोष्ट. मी शाळेतून आले तर सासूबाई दारातच उभ्या. म्हणाल्या, "तिची आई गेली."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भिंतीपाशी आली. मदर, म्हणाली. मग म्हणाली, खलास." खलास हा शब्द आपल्याकडेही आहे, आणि इथं कोपऱ्यावरच्या दुकानातही सासूबाई तोच ऐकतात. दूध संपलं की दुकानदार म्हणतो तो.

शेजारणीला जाता आलं नाही. विमानं बदलत, मग बसने, गाव गाठेपर्यंत माती होऊन गेली असती. तिच्यासाठी तिकडे माती थांबवून ठेवण्यासारखं नव्हतं. तिनं फोनवर भावाच्या रडण्याचा आवाज ऐकला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. मी भेटायला गेले तर म्हणाली, "मी ठीक आहे." नर्सेस पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात. रडली नाही. डोळे कोरडे ठणठणीत. 

सासूबाईंनी पिठलं-भाकरी केली. आमच्याकडे गेलेल्याच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे अन्न शिजवून आणतात आणि समोर बसून खायला लावतात. साताऱ्यात असो, नाहीतर अल रय्यानमध्ये. त्या ताट घेऊन गेल्या, तिनं थँक्यू म्हणून ठेवून घेतलं. सकाळी ताट तसंच. मग वरण-भात नेला. मग मुगाची खिचडी. तसंच परत. ती पाणी पीत होती, चहा पीत होती, बस्स. गालाची हाडं दिसायला लागली. शेवटी एका दुपारी कामावर चक्कर येऊन पडली आणि इस्पितळातल्या लोकांनी तिला टॅक्सीत घालून घरी पाठवून दिलं.

सासूबाईंचा संताप बघण्यासारखा होता. संताप काळजीचाच, पण बरसला माझ्यावर. "एवढी शिकलीस, तिची भाषा येती तुला, इचार की तिला काय पायजे ते! का नुसतं 'सॉरी सॉरी' करत बसणार हायेस?"

आम्ही दोघी गेलो. शेजारीण सोफ्यावर पडून होती. मी विचारलं, काय खाशील, काय करून आणू? ती नको म्हणाली. मग सासूबाई तिच्या पायाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, "इचार, तिची आई काय करायची तिला." मी विचारलं.

तिनं स्वयंपाकघराच्या फडताळाकडे बोट दाखवलं. तिथं एक कापडी पिशवी होती, तोंड दोऱ्याने घट्ट बांधलेलं. आईनं शेवटची दिलेली. "मी आल्यापासून थोड्याच खाल्ल्या," ती म्हणाली. "आता उघडवत नाही. हे संपलं की तिच्या हातचं काही उरणार नाही. आणि तिकडे आता पाऊस पडेल, पानं फुटतील, अळ्या येतील. ती नसेल."

मी हे सगळं मराठीत सांगितलं.  सासूबाई त्या पिशवीकडे बघत राहिल्या. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग त्या उठल्या, पिशवी उचलली, पदराखाली धरली आणि मला म्हणाल्या, "तिला सांग, तिच्या घरात चूल पेटवायची न्हाई. म्या करून आणते. कसं करायचं ते तेवढं इचारून घे."

"आई, अहो, हे..."

"ठाऊक हाय मला काय हाय ते."

मी कृती विचारून घेतली. भिजवायच्या, धुवायच्या, कांदा-टोमॅटोवर परतायच्या. मीठ घालायचं नाही, वाळवतानाच घातलेलं असतं. घरी आले तर सासूबाईंनी देवघरासमोर स्वतःची धुतलेली साडी पडद्यासारखी लावली होती. "देवाला कळतंय सगळं," त्या म्हणाल्या, "पण बघितलंच पायजे असं कुठं हाय?" मी म्हटलं नवीन पॅन आणते, पाच मिनिटांत. त्यांनी ऐकलं नाही. गावाकडची लोखंडी कढईच काढली. लोखंडाला विटाळ नसतो, लाल होईस्तोवर तापवलं की झालं. नवऱ्याला मी फोन केला, आज बाहेरूनच जेवून ये. तो घाबरला, काय झालं म्हणून. म्हटलं, काही नाही, आई स्वयंपाक करताहेत. तो आणखी घाबरला.

पिशवीचा दोरा त्यांनी कापला नाही, नखांनी गाठ सोडवली. अर्ध्याच अळ्या काढल्या, बाकीच्या होत्या तशा बांधून ठेवल्या. भिजवल्या. मग धुवायला घेतल्या. पाणी ओतायच्या, पुन्हा धुवायच्या, पुन्हा ओतायच्या. मी म्हटलं, पुरे हो. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि नाकाला पदर बांधला होता, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाणी पार नितळ झालं तेव्हा थांबल्या. कांदा परतला, टोमॅटो घातला. वास उठला तशी मी खिडकीपाशी गेले. त्या मात्र कढईसमोरून हलल्या नाहीत, उलथनं फिरत राहिलं. दोनदा उमासा आला, दोनदा त्यांनी गिळला. मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमची भांडणं काय कमी झालीत? पण खरंच, तसं वाटलं.

चव बघायचा प्रश्नच नव्हता. नैवेद्याचा स्वयंपाक त्या जन्मभर चव न बघताच करत आल्या होत्या. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा, ज्याला ती सड्झा म्हणते, तो आम्ही उकडीसारखा घोटून केला. ताट वाढलं, वर दुसरं ताट झाकलं आणि दोघी निघालो.

शेजारीण उठून बसली. सासूबाईंनी झाकण काढलं. तिनं ताटाकडे बघितलं, मग सासूबाईंच्या हातांकडे, मग माझ्याकडे. मी नुसती मान हलवली. तिनं गोळ्यातला चिमूटभर तुकडा घेतला, दाबला, त्यात एक अळी उचलली आणि तोंडात घातली.  ती चावत होती, थांबली, परत चावली. मग काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणती?" सासूबाईंनी विचारलं.

सांगू की नको, असं मला झालं. "म्हणतेय, मीठ कमी आहे."

सासूबाईंचा चेहरा पडला. "धुवून धुवून गेलं व्हय सगळं. म्याच घालवलं."

पण शेजारीण अजून बोलत होती, आणि बोलता बोलता तिचा आवाज तो नर्सचा आवाज राहिला नव्हता. आईसुद्धा असंच करायची, म्हणत होती. वाळूचा कण राहील या भीतीने इतकं धुवायची की चव जायची. लहानपणापासून मी तिला सांगत आले. या रजेतसुद्धा ताटावर बसून बोलले तिला. इतकं सांगितलं तरी ऐकलं नाही तिनं, शेवटपर्यंत ऐकलं नाही. आणि मग ती रडली. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी, तोंडात घास तसाच. सासूबाईंनी तिला "रडू नको" म्हटलं नाही. जवळ सरकल्या आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

जरा वेळाने मला म्हणाल्या, "इचार तिला, मीठ आणू का?"

मी विचारलं. शेजारणीने ताट दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतलं.

"नको," ती म्हणाली, "असंच राहू दे," आणि पुढचा घास घेतला.